बांधापलीकडची मिरची

ही गोष्ट सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. धंदा का बुडाला, असं कुणी विचारलं की "नशीब" म्हणायचो आणि विषय बदलायचो. नशिबाचा यात काही संबंध नव्हता.

भोकरदनला मी आणि माझा शाळेपासूनचा मित्र मिरचीचं बियाणं तयार करून विकायचो. तो मारवाडी, मी शेतकऱ्याघरचा. बियाण्याच्या प्लॉटजवळ दुसऱ्या जातीची मिरची चालत नाही. मधमाशा पराग इकडचे तिकडे नेतात आणि बी भेसळीचं होतं.

आखणी त्याची असायची. यंदा एकाच गावात प्लॉट, जमलं तर पुढच्या वर्षी दुसऱ्या. मला तो वेग सोसवेना. मी दुकानदारांना दुप्पट मालाचा शब्द देऊन आलो.

"आधी शब्द अन् मंग जमीन?" तो म्हणाला. "बिलकुल उलटं करून राह्यला तू."

"शेठ, तू तर पेरायच्या आधीच भितो."

"मी भितो म्हणून तर दुकान चालू हाय, पाटील," तो हसला.

प्लॉट कमी पडले, तेव्हा त्याला न सांगता मी एक घेतला. बांधापलीकडेच दुसरी मिरची फुलावर होती. मला ती दिसत होती. पण ठरवलेला आकडा गाठायचा होता.

पुढच्या हंगामात शेतकरी उपटलेली झाडं घेऊन दुकानात आले. एकाला लांब मिरच्या, दुसऱ्याला बुटक्या.

"प्लॉट यांनीच पाह्यले," मी त्याच्याकडे बोट करून म्हणालो.

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग शेतकऱ्यांपुढे हात जोडले. "चूक माझी झाली."

त्यानंतर त्याच्या हातचं बी कुणी घेईना. तो जालन्याला गेला आणि उतारवयात दुसऱ्याच्या दुकानात कामाला बसला. आमचं दुकान माझ्याकडे राहिलं. मला आखता कुठं येत होतं? तेही बंद पडलं.

गेल्या उन्हाळ्यात तो अंथरुणाला खिळल्याचं कळलं. भोकरदनहून निघालो, बसमध्ये एकच वाक्य घोकत गेलो. त्यानं मला ओळखलं आणि पूर्वीसारखंच विचारलं, "यंदा काय ठरवलं?"

"मोसंबी आणलीय," मी म्हणालो. "सोलून देऊ?"

तो बरं म्हणाला. मी मान खाली घालून सोलत राहिलो. एक फोड त्यानं खाल्ली, बाकीच्या तशाच राहिल्या. काही दिवसांतच तो गेला.

बसमध्ये घोकलेलं वाक्य असं होतं: तो प्लॉट मी घेतला, खोटं मी बोललो, मला माफ कर.