चोपड्यात केलेली उपकारस्तुती

ऐकायला कमी येऊ लागलं तेव्हा मी नुकताच निवृत्त झालो होतो आणि अमळनेरच्या आमच्या छोट्या ख्रिस्ती मंडळीत वडील, म्हणजे एल्डर, म्हणून काम पाहत होतो. मुलगी म्हणाली, जळगावला चांगले डॉक्टर आहेत, कानाचं मशीन बसवून घ्या. मी नाही म्हटलं. तरुणांच्या सभेत मी आयुष्यभर हेच शिकवत आलो होतो, की स्वतःला नाकारा, आपला वधस्तंभ उचला. आता या वयात कानांचे लाड कशाला? त्या नकाराचा मला गर्वही होता. एका रविवारी उपदेशात मी तो दाखला म्हणून सांगितलासुद्धा.

पुढे चोपड्याला जाणं झालं. मंडळीतलं एक कुटुंब तिकडे केळीच्या बागेत कामाला गेलं होतं. नवरा आजारी होता. त्याला धुळ्याच्या दवाखान्यातून घरी आणल्याचं कळलं, म्हणून मी आणि बायको एसटीने गेलो. तो खाटेवर डोळे मिटून पडला होता. त्याची बायको आम्हा दोघांना ओट्यावर घेऊन गेली आणि त्याला ऐकू जाऊ नये म्हणून अगदी हळू बोलली. माझ्या कानांवर पडलं ते ‘डॉक्टर’ आणि ‘घरी न्या’ एवढंच. बाकीच्याला मी सवयीने मान डोलावली.

मग आत येऊन खाटेशी उभा राहिलो आणि मोठ्या आवाजात उपकारस्तुतीची प्रार्थना केली. याला बरं करून घरी आणलंस, या घरावरचं संकट टाळलंस, असं बरंच काही. माझी बायको माझी बाही ओढत होती. मला वाटलं, प्रार्थना लांबतेय म्हणून. आमेन मी एकट्यानेच म्हटलं. डोळे उघडले तर ती बाई तोंडाला पदर लावून माझ्याकडे पाहत होती.

ती जवळ येऊन म्हणाली, “आबा, तुमले ऐकू येत नही का?”

आवाजात राग नव्हता. खरोखरच विचारत होती.

डॉक्टरांनी आता काही उपाय उरला नाही म्हणून त्याला घरी पाठवलं होतं, हे माझ्या बायकोने बाहेर आल्यावर सांगितलं. एसटीत ती माझ्या कानाशी येऊन म्हणाली, “शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करा, असं शिकवता. तुम्ही स्वतःवर करता तशी केली, तर शेजारी बहिराच राहायचा.”

त्या वचनातल्या ‘स्वतःसारखी’ या शब्दावर मी कधी थांबलोच नव्हतो. गावात उतरेपर्यंत मान वर करवली नाही.

जळगावला जाऊन मशीन बसवलं. मुलगी एका शब्दाने बोलली नाही, त्याचीही लाज वाटली. नंतर पुन्हा चोपड्याला गेलो. तो आणखी खंगला होता. मी माफी मागितली. त्याने हाताने राहू द्या अशी खूण केली, मला जवळ बसवलं आणि श्वासासारख्या आवाजात म्हणाला, “माले भीती वाटस, आबा.”

हे मला ऐकू आलं. मी प्रार्थना केली नाही, त्याचा हात धरून बसलो. एवढ्याच आवाजात याआधी किती जण माझ्याशी बोलले असतील आणि मी नुसती मान डोलावून, आशीर्वाद देऊन उठलो असेन, तेच मनात येत राहिलं. त्याची बायको चहा घेऊन आली, तेव्हा मला तिच्याकडे बघता येईना.