पेरूच्या छाटणीचं पुस्तक

आमच्या वडगाव रासाईच्या मळ्यात पेरूची चाळीस झाडं हायती. सगळी उंच वाढून आभाळाला टेकली, आत नुसती सावली, आन् पेरू लिंबाएवढं. आप्पांनी, म्हंजी माझ्या वडलांनी, ठरवलं की आठ दिवसांत जेसीबी आणायचा, झाडं उपटायची आन् ऊस लावायचा. मला रडूच यायचं बाकी होतं.

"आप्पा, आधी छाटून बघू की."

"फळाच्या झाडाला कुऱ्हाड लावत न्हाईत. पाप लागतं."

"आन् जेसीबी लावल्यावर?"

"तू लई शाना झालायस."

म्हणलं, आता पुस्तकच आणून दाखवतो. शिरूरला दुकानदार म्हणला, "छाटणी? त्यापेक्षा वनरक्षक भरतीचं घे, त्यात झाडं असतील." दौंडला रद्दीवाल्याकडं एक इंग्रजी पुस्तक घावलं. गुळगुळीत कागद, हॅट घातलेली मॅडम गुलाब कापतीय. पहिलंच वाक्य, बर्फ वितळला की कामाला लागा. दौंडात बर्फ फक्त रसवंतीत. ते पुस्तक तिथंच ठेवलं.

रद्दीवाल्यानंच पत्ता दिला. पाटसला एक मामा राहत्यात, कारखान्यातनं रिटायर झालेले, झाडांची पुस्तकं जमवत्यात. गेलो तर कपाट भरलेलं. मामा नाकात बोलायचे, आन् प्रत्येक वाक्यामागं खाकरायचे.

"पुस्तक घराबाहेर जात न्हाई. हितं बसून वाचा."

"फोटू काढू का, मामा?"

"फोटू काढलेलं कुणी वाचत न्हाई. आन् ऐका, कुठं कापू नये हे जे आधी सांगतं, ते पुस्तक चांगलं."

तसलं एक घावलं. पानापानाला चित्र, कुठली फांदी, कुठनं, किती तिरकी. दोन दिवस बसून पाठ केलं. मामांचा आवाज फुकटात पाठ झाला.

जेवताना आप्पांना सांगाया लागलो, तर त्यांचं लक्ष भाकरीत. मग नाकात बोललो, "पेरू नव्या फुटीवरच धरतो." खाकरलो. "जुनी फांदी नुसती सावली देती." पुन्हा खाकरलो.

आप्पांचा घास थांबला. "हे कोण म्हणतंय?"

"पाटसचे मामा."

"वय किती त्यांचं?"

"सत्तरीच्या पुढं."

"मग आधी सांगायचं की."

आई पदर तोंडाला लावून हसत होती.

सकाळी आप्पा करवत घेऊन मळ्यात. मी बघतच राहिलो, तर म्हणले, "करवत म्हंजी काय कुऱ्हाड न्हाई." मी चित्रं आठवून फांदी दाखवायचो, ते कापायचे. पाच दिवसांत चाळीस झाडं बोडकी. बांधावरनं जाणारा प्रत्येकजण हळहळून जायचा. जेसीबीवाला आला, बघून म्हणला, "आता काय ठेवलंय, उपटून टाकू." आप्पा म्हणले, "महिनाभर थांब."

तो महिना आमच्या घरात कुणी पेरूचं नाव काढलं न्हाई.

मग एक दिवस खोडाखोडाला तांबूस कोंब. पानं मोठी झाली तशी त्यांच्या बेचक्यात हिरव्या कळ्या दिसल्या. आता आप्पा चहाच्या आधी मळ्यात जाऊन येत्यात, आन् चुलीपाशी बसून आईला सांगत्यात, आज कुठल्या झाडाला फुटलं. जेसीबीवाल्याला फोन त्यांनीच केला, येऊ नको म्हणून.