कोबा आणि पापड

माणसाच्या संस्कृतीची खरी परीक्षा त्याच्या पायाखालच्या जमिनीवर होते, असं माझं गंभीर मत आहे. आमची झाली ती उडदाच्या पापडाने.

ऐंशीच्या दशकात मुलुंडच्या आमच्या सोसायटीत तळमजल्यावरची जमीन खचली. आमची आणि समोरच्या दारातल्या चेअरमनची. दोघांनीही जुन्या लाद्या उखडून एकाच गवंड्याकडून सिमेंटचा नवा कोबा घालून घेतला. त्यावर चिकटवायच्या होत्या विनाईलच्या लाद्या. तेव्हा त्यांची फार हवा होती. बाबांनी लाद्यांची खोकी आधीच आणून ठेवली होती. त्या उखडल्या तर पुन्हा घेण्याची आमची ऐपत नव्हती, हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

चेअरमननी कोबा पांढरा दिसू लागताच लाद्या चिकटवल्या आणि समारंभ केला. फीत होती, पेढे होते. एका घराच्या लादीतून देश कसा घडतो, यावर भाषणही झालं. मग आमच्या दारात येऊन त्यांनी बाबांना विचारलं, "काय हो, तुमचा कोबा अजून बाळंतिणीच्या खोलीतच?"

कोबा सुकेपर्यंत आम्ही सगळे स्वयंपाकघरात राहत होतो. बाबांना ते लागलं. त्यांनी कोब्यावर हात फिरवला आणि जाहीर केलं, "सुकलो. उद्या लाद्यो लावया."

"वरसून कोरडो, भितरसून ओलो," आई म्हणाली. तिने एक कच्चा पापड कोब्यावर ठेवला आणि वर पितळेची परात पालथी घातली. सकाळी परात उचलली, तर पापड रुमालासारखा दुमडत होता.

"सादळलो," आई म्हणाली. "चिकटवूचा नाय."

बाबा रागावले की मालवणी सोडून छापील मराठीत जात. "विज्ञानात पापडाला स्थान नाही," ते म्हणाले.

"मगे तुमच्या विज्ञानाक सांगा, सादळलेलो पापड तळून दाखव."

पुढे रोज रात्री परात पालथी पडायची आणि रोज सकाळी पापड सादळलेला निघायचा. चेअरमन जाता-येता डोकावून विचारत, "आज पापड काय म्हणतो?" बाबा पेपर उंच धरत. एकदा ते गोंदाचा डबा उघडताना सापडले. आई नुसती परातीवर जाऊन बसली.

मग समोरच्या घरातून विचित्र आवाज येऊ लागले. फटींतून वर आलेल्या गोंदाला चालताना चपला चिकटत आणि सुटताना चर्रर करत. आठवड्याभरात चेअरमनच्या लाद्यांनी तेलातल्या पापडासारखे कोपरे वर केले. चेअरमननी आधी गोंदाला दोष दिला, मग खाडीच्या हवेला. खाडीची हवा आमच्याकडेही येत होती.

आणि एका सकाळी आईने परात उचलली, पापड दोन्ही हातांत धरला आणि वाकवला. कट्! तो आवाज मला अजून ऐकू येतो. आईने दोन्ही तुकडे बाबांच्या नाकासमोर धरले. बाबांनी पेपर खाली ठेवला. "आता लाव गो बाय," ते म्हणाले, अगदी शुद्ध मालवणीत.

लाद्या अशा बसल्या की त्यांवरून गोटी सोडली तर भिंतीपर्यंत सरळ जायची. बाबा चार दिवस येणाऱ्या प्रत्येकाला गोटी सोडून दाखवत होते. सोसायटीची वार्षिक सभा नेहमी चेअरमनकडे व्हायची, ती त्या वर्षी आमच्याकडे झाली. आई दारात उभी राहून सगळ्यांना चपला बाहेर काढायला लावत होती. चेअरमनना तिने दोनदा सांगितलं. सभेत ते सबुरी या विषयावर बराच वेळ बोलले.

चहाबरोबर आईने पापड तळले. मोडलेले ते दोन तुकडेही तिने डब्यात ठेवले होते. ते चेअरमनच्या बशीत गेले. मीठ जरा जास्त झालंय, असं त्यांचं मत पडलं.