मोठीमायच्या बिनतोंडाच्या बाहुल्या

मोठीमाय माझी हनुवटी धरायची आणि माझं तोंड उजेडाकडे वळवायची. ओठांत सुई, सुईला लोंबणारा काळा दोरा आणि डोळे माझ्या चेहऱ्यावर असे रोवलेले की पापणी लवायची नाही. "हालू नको व," ती सुई सांभाळत पुटपुटायची. मी हलत नसे. आपण विलक्षण सुंदर आहोत अशी लहानपणी माझी पक्की समजूत होती, आणि तिला एवढा एकच आधार होता. खरं सांगायचं तर माझं नाक बटाट्याच्या भज्यासारखं आहे. लग्नाच्या फोटोतसुद्धा फोटोग्राफरने मला नवऱ्याच्या जरा मागेच उभं केलं होतं. पण सात-आठ वर्षांच्या पोरीकडे कोणी रोज इतकं टक लावून बघत असेल, तर तिनं दुसरं काय समजायचं?

मोठीमाय म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. मोठेबाबा माझ्या जन्माआधीच वारलेले. घाटंजीत आमची दोन घरं समोरासमोर, मधे एक अंगण आणि अंगणात कपडे वाळत घालायची एक तार. हंगामात ती कापूस वेचायला जायची आणि वेचणी सरली की सरकी काढायच्या जिनात कामाला. संध्याकाळी परतायची तेव्हा भुवयांवरसुद्धा कापसाचे तंतू असायचे आणि ओच्यात मूठभर कापूस. आई विचारायची, "हा कुठून आणला, बाई?" मोठीमाय म्हणायची, "खाली पडला होता बिचारा. मले दया आली."

त्या दया आलेल्या कापसाच्या बाहुल्या व्हायच्या. आधी ती एकेक बोंड बोटांनी उकलून सरकी काढायची. एखादी बी राहिली तर शिवलेलं पोट पुन्हा उसवायची. "सरकी राह्यली तं तिच्या पोटात दुखते," असं तिचं म्हणणं. मानेत पऱ्हाटीची, कापसाच्या झाडाची, काडी घालायची, म्हणजे डोकं लटकत नसे. "पोरीची मान ताठ पायजे. एकदा वाकली तं लोक वाकवतच राह्यतात." केसांना जुन्या लुगड्याच्या काठाचा दोरा. कपड्यांना शिंप्याच्या दुकानाबाहेर पडलेली कतरण. पण कपडे मात्र असे की खऱ्या माणसालाही मिळू नयेत. बाहीला चुण्या, गळ्याला दुमड, पाठीवर काज आणि काजात गुंजेएवढी दोऱ्याची गुंडी. मला हे काही कधी जमलं नाही. मी शिवलेला बाहुलीचा परकर पाहून मोठीमायनं विचारलं होतं, "कमे, हे पिशवी होय का व?"

वस्तीतल्या सगळ्या पोरींना तिनं बाहुल्या दिल्या. फक्त कुठल्याच बाहुलीला तोंड नसायचं. पांढऱ्या कपड्याचं गोल डोकं, दोन वेण्या आणि मधे काहीच नाही. पोरी हट्ट करायच्या, "मोठीमाय, डोळे काढून दे ना." ती म्हणायची, "तोंड ज्याचं त्यानं काढा. मले नाई येत." पोरी घरी जाऊन कोळशानं तोंडं काढायच्या. त्यामुळे आमच्या वस्तीत बाहुल्या फार होत्या आणि बहुतेकींना मिशा होत्या.

जिला गुंजेएवढी गुंडी येते, तिला दोन डोळे का येऊ नयेत, हा प्रश्न तेव्हा मला पडला नाही. मला दुसरीच गोष्ट दिसायची. अंगणातल्या तारेवर आमच्या कपड्यांशेजारी एक वीतभर झगा वाळत असायचा. धुतलेला, पिळलेला, नीट पसरून घातलेला. आणि हा घालणारी बाहुली घरात कुठेच नव्हती. थंडी आली की तारेवर इवलंसं बाह्यांचं पोलकं यायचं. पुढच्या वर्षी झग्याच्या जागी परकर आला, तोही आधीच्यापेक्षा बोटभर लांब. वाऱ्यावर तो परकर फुगायचा, आत कोणी उभं असल्यासारखा, आणि वारा पडला की रिकामा व्हायचा.

शेजारच्या बाईनं एकदा विचारलंच, "काहो, हे कोणाचे कपडे वाळून राह्यले?"

"पोरीचे."

"कोणत्या पोरीचे?"

"जिचे हायेत तिचे," मोठीमाय म्हणाली आणि परकराची घडी घालायला लागली.

त्या बाईनं नंतर आमच्या अंगणातून यायचं टाळलं, लांबचा रस्ता धरला. माझी आई घाबरली. बाबा म्हणाले, "आपण देव सोडले, तसे भूतखेतही सोडले. कायले भेतं?" पण त्या तारेखालून जाताना ते मान खाली घालायचे, हे मी पाहिलेलं आहे. तारेची उंची पुष्कळ होती आणि बाबांची बेताची.

शेवटी एका सकाळी बाबा उपदेश करायला गेले. वस्तीत ते वाचणारे, सांगणारे, चार लोकांत बोलणारे. अंगणात उभे राहून म्हणाले, "वहिनी, छप्पन साली नागपूरला दीक्षा घेतली तवा तुमी आमच्या पुढं होत्या. घरातले देव काढा म्हणून पह्यले तुमीच बोलल्या. आता हे बाहुलीचे कपडे धुणं, वाळवणं, घडी घालणं... लोक म्हणून राह्यले का वहिनी बाहुली पुजते."

मोठीमाय सुईत दोरा ओवत होती. तिनं वर न बघता म्हटलं, "पुजून नाई राह्यली मी, भाऊजी. शिवून राह्यली. पोर तं तुमी नदीत सोडली. कपडे तरी राहू द्या."

बाबांना कळेना. मग तिनं सांगितलं. तिच्या आवाजात राग असता तर बाबांना सोपं गेलं असतं.

तिला एक मुलगी होती, शेवंती. मी पाळण्यात असताना ती तापानं गेली, तेव्हा सात-आठ वर्षांची होती. ती जिवंत असताना हट्टानं म्हणाली होती, "मा, माह्यासारखी बाहुली कर. दुसऱ्या कोणासारखी नाई." मोठीमायनं तिला समोर बसवून, तिच्याकडे बघत बघत काळ्या दोऱ्यानं बाहुलीचं तोंड शिवलं. शेवंती गेली आणि ती बाहुली राहिली. फोटो काढायची ऐपत तेव्हा कोणाची होती? उंदरांनी कुरतडू नये म्हणून मोठीमायनं ती देवाच्या कोनाड्यात ठेवली, टाकांच्या मागे. सणावारी देवांना कुंकू लावताना पोरीलाही एक टिकली लावायची.

दीक्षा घेऊन आल्यावर वस्तीतल्या माणसांनी घरोघरचे कोनाडे मोकळे केले. आमच्या दोन्ही घरांचं काम बाबांनी केलं. मोठीमाय वेचणीला निघताना स्वतःच सांगून गेली होती, "एकही ठेवू नका, भाऊजी." देव म्हटले की तिच्या डोक्यात टाक होते. त्यांच्यामागे बसलेली पोर तिच्या हिशेबात देव नव्हतीच. बाबांना मात्र अंधाऱ्या कोनाड्यात हाताला धुरानं काळपट, कुंकवानं माखलेली एक कापडी मूर्ती लागली. वहिनीच्या माहेरची एखादी देवी असेल, असं त्यांना वाटलं. त्यांनी ती सगळ्यांबरोबर टोपल्यात घातली आणि भरल्या नदीत सोडून दिली.

"तवाच काहून नाई बोलल्या?" बाबांनी विचारलं.

"काय बोलू? चांगलं काम करून आलते तुमी. तोंड किती उजळलं होतं तुमचं."

बाबा तसेच निघाले आणि नदीवर गेले. मधे दोन पावसाळे होऊन गेले होते, हे त्यांना कोण सांगणार? गुडघाभर पाण्यात वाकून ते दगड उलटत राहिले. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. काठावर धुणं धुणाऱ्या बाया विचारायच्या, "मास्तर, काय हारपलं?" बाबा मास्तर नव्हते, पण बोलायचे तसे. ते पुढचा दगड उलटत. शेवटी मोठीमाय स्वतः गेली आणि काठावरून ओरडली, "भाऊजी, वर या. कापूस होता तो. भिजून केव्हाच गेला असन. तुमाले सर्दी होईन." बाबा वर आले आणि त्यांना खरोखरच सर्दी झाली.

त्या सर्दीत पडल्या पडल्या ते म्हणाले, "वहिनी, दुसरी शिवा. तशीच."

"शिवली असती. पण तिचं तोंड आठवून नाई राह्यलं, भाऊजी. हात आठवते. पाठ आठवते, केस इचरताना दिसायची तशी. तोंडाशी आली का मधे पांढरं कापड येते."

तिला धीर द्यायला बाबा पटकन म्हणाले, "अवं, आपल्या कमीसारखीच तं होती ती! नाक-डोळे सारे कमीचेच."

तेव्हापासून माझी हनुवटी तिच्या हातात गेली. शाळेतून आले की मी दारात बसायची आणि ती बघायची. सुई कापडात जायची, दोन टाके पडायचे, ती परत बघायची आणि टाके काढून टाकायची. कधी बघता बघता तिचे डोळे माझ्यावरून निघून माझ्या मागे कुठेतरी जायचे. मी वळून बघायची. मागे भिंत असायची. "हालू नको व," ती म्हणायची, आणि ते मला सांगत होती की आणखी कोणाला, याबद्दल मला तेव्हाही शंका होती. पण आपलं रूप बघून माणसं अशी हरवतात, असा अर्थ मी काढला आणि वेणीला रिबन बांधून बसायला लागले.

अशी चार-पाच वर्षं गेली. मी तेरा-चौदा वर्षांची झाले, त्या उन्हाळ्यात एका बाहुलीवर तोंड उमटलं. मोठीमायनं ती अंगणात आणली. बाबा ओरडलेच, "हुबेहूब! शेवंतीच!" आई म्हणाली, "होय, बाई." मी पुढे होऊन पाहिलं. भज्यासारखं नाक, जाड भुवया, गाल फुगलेले. दोऱ्यानं शिवलेली मीच होते ती. मोठीमाय आमच्या तिघांकडे बघत राहिली. मग खाली बसली, दातानं एक टाका तोडला आणि ते तोंड उसवायला लागली. बाबा "अहो, अहो" म्हणत होते. कापडावर भोकं तेवढी राहिली.

त्याच वर्षी मला यवतमाळच्या मुलींच्या वसतिगृहात जागा मिळाली. निघायच्या दिवशी आई रडली, बाबा नाक शिंकरत राहिले. मोठीमायनं माझ्या हातात तीळ-गुळाच्या लाडवांचा डबा दिला आणि म्हणाली, "जाय, बये. खूप शिक. पण लवकर नको येऊ."

"काहून व, मोठीमाय?"

"तुह्यावर माहा जीव हाय. पण तू समोर बसली का ती मांगं सरकते. आता डोळे मिटले तरी तूच येतं. माही पोर जागा मागून राह्यली, आणि तिच्या जाग्यावर तू बसून हायेस." तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "तुहा काही दोष नाई व त्याच्यात."

सुट्टीत मी यायचे. मला आवडते म्हणून ती तव्यावरची भाकर ताटात वाढायची, त्यावर तेल-तिखट घालायची, "खाय, किती वाळली" म्हणायची. मी वाळलेली आहे हे तिला कसं कळे कोण जाणे, कारण या सगळ्यात ती माझ्याकडे एकदाही बघायची नाही. तोंड भिंतीकडे ठेवून गप्पा मारायची. वसतिगृहातल्या नकला केल्या की पाठमोरी हसायची. तिचे खांदे हलताना दिसायचे. मला वाईट वाटायचं आणि हसूही यायचं. इतकी वर्षं रूपाचं दर्शन दिलं, आता देवळाचं दारच बंद. तारेवर अजून कपडे वाळायचे. आता तिथे इवलंसं लुगडं असायचं, शेवंती असती तर नेसली असती तसं, काठाचं.

साठचं दशक सरत आलं होतं तेव्हा निरोप आला आणि मी यवतमाळहून धावत आले. उशीर झाला होता. मोठीमायला अंगणात आणलं होतं. पांढरं लुगडं, केस विंचरलेले. शेवटच्या आठवड्यात ती उठून बसत नव्हती, पण हातातली सुई सोडत नव्हती, असं आईनं सांगितलं. कोणाला बघू दिलं नाही. तिच्या उशाखाली कापडात गुंडाळलेलं काहीतरी होतं. बाबांनी ते उलगडलं.

बाबा बोलणारा माणूस. ते काहीतरी म्हणतील म्हणून सगळे थांबले. त्यांच्या हातात बाहुली होती, लुगडं नेसलेली. त्यांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं, आणि तिथेच खाली बसले.

"शेवंते," ते म्हणाले. "अवं शेवंते, तू..." त्यांनी धोतराचा सोगा तोंडावर घेतला.

मी वाकून पाहिलं. ती मी नव्हते. कपाळ अरुंद, ओठ रुंद, हसू दाबल्यासारखे. डावा डोळा उजव्यापेक्षा किंचित वर. माझं काही म्हणजे काहीच नव्हतं त्यात. आमच्या घरात जिच्या जागेवर मी इतकी वर्षं बसून होते, त्या माझ्या बहिणीला मी पहिल्यांदाच बघत होते. आणि तिनंही मला पाहिलं, असं मला वाटलं ते आजतागायत गेलेलं नाही.

बाबांनी बाहुली मोठीमायच्या कुशीत ठेवली, हात तिच्यावर नीट ओढला आणि तसंच दोघींना नेलं.

आता आई नाही, बाबा नाहीत. ते तोंड पाहिलेली मी एकटीच उरले आहे. मुलं म्हणतात, आई हल्ली स्वयंपाक करता करता डोळे मिटून उभी राहते, पोळी करपते. करपू दे. रोज एकदा बघून घ्यावं लागतं. कपाळ अरुंद, ओठ रुंद. डावा डोळा जरा वर. की उजवा?