सुरुवात करणाऱ्यांची यादी

विनायकराव गेले ते कौन्सिलच्या टिपवर. टिप म्हणजे आमच्या इंग्लंडातल्या रीडिंग गावात घरातलं जुनं सामान नेऊन टाकायची जागा. तिथं जायला आधी ऑनलाइन वेळ घ्यावी लागते. मंगळवारी सकाळी दहाची वेळ मिळाली म्हणून हे गृहस्थ एक जुनी गादी गाडीवर बांधून निघाले आणि रांगेत, स्टिअरिंगवर हात ठेवून, संपले. मागच्या गाडीवाल्यानं दोनदा हॉर्न वाजवला म्हणे. त्यांच्या बायकोचा, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा, सुनंदाचा, फोन आला तेव्हा माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते असं, "मरायला दुसरी जागा मिळाली नाही का यांना?" सुनंदा म्हणाली, "ताई, आज तरी." ते "आज तरी" सात आठवडे माझ्या कानात आहे. तरीही मी खोटं लिहिणार नाही. या माणसाला मी छत्तीस वर्षं मनातून कमी लेखलं. त्याची कारणं माझ्याकडे होती आणि त्यातली बरीच मला अजूनही पटतात.

पहिलं कारण नोकरी. मी भूलतज्ज्ञ, कन्सल्टंट म्हणून निवृत्त झालेली. आमच्या सुनंदानं लग्न केलं ते रक्ताच्या लॅबमध्ये नळ्या तपासणाऱ्या माणसाशी, आणि तो माणूस ज्या पदावर लागला त्याच्या एक पायरी वर जाऊन निवृत्त झाला. इंटरव्ह्यू आला की हे दुसऱ्याला पुढं करणार, वर त्यालाच टाय बांधून देणार. दुसरं कारण अमेरिकन फुटबॉल. पुण्याच्या माणसानं क्रिकेट बघावं, फार तर टेनिस. इंग्लंडात आल्यावर साहेबाचा फुटबॉल बघितला तरी समजू शकते. यांनी काय निवडावं, तर डोक्यावर बादल्या घालून एकमेकांच्या अंगावर पडणाऱ्या रेड्यांचा खेळ, जो तीन तास चालतो आणि त्यातला बराचसा वेळ लोक नुसते उभे असतात.

त्यातही टीम कुठली धरली? जिंकणाऱ्या टीमच्या मागं जाणारी माणसं मला कळतात. विनायकरावांनी धरलेल्या टीमचं नाव मी इथं लिहीत नाही, कारण ती त्या लायकीची नाही. हॉस्पिटलच्या क्वार्टर्समध्ये एकटे राहत असताना रविवारी संध्याकाळी टीव्हीवर त्यांनी तिचा पहिला सामना पाहिला. त्या खेळात क्वार्टरबॅक म्हणून एक असतो. प्रत्येक डावाला चेंडू आधी त्याच्या हातात येतो आणि पुढं तो कुणाकडे फेकायचा हे तो ठरवतो. त्या दिवशी या टीमच्या क्वार्टरबॅकनं चेंडू तीनदा थेट शत्रूच्या हातात दिला. "आणि ताई, पुढच्या रविवारी सामना सुरू करायला पुन्हा तोच उभा राहिला हो," हे मला त्यांनी किमान वीसदा सांगितलं असेल, दर वेळी नव्यानं आश्चर्य वाटून. मला त्यात आश्चर्य एवढंच वाटे की त्याला पुन्हा उभं करणारा महामूर्ख कोण होता.

तेव्हापासून त्यांनी एक यादी ठेवली. जाड पुठ्ठ्याच्या लांब वहीत, हिरव्या शाईनं, टीम स्थापन झाल्यापासून तिचा प्रत्येक सामना सुरू करणाऱ्या क्वार्टरबॅकची. साल, त्यापुढं नाव, नावापुढं कंसात त्यानं किती सामने सुरू केले तो आकडा. चांगल्या टीमला एक माणूस दहा-दहा वर्षं पुरतो. यांच्या टीमला एक हंगाम पुरत नसे. एका सालापुढं तर चार नावं होती. कुणाचा खांदा निखळला, कुणाला हाकलला, एकाला तर त्याच्या लग्नाच्या आठवड्यात काढला. एक गडी असा, की त्यानं आयुष्यात एकच सामना सुरू केला, त्यातही पहिल्याच अर्ध्या तासात स्ट्रेचरवरून बाहेर गेला, आणि पुढं कुठल्याशा खेड्यात शाळेत भूगोल शिकवू लागला. विनायकरावांनी पत्ता शोधून त्याला पत्र लिहिलं. त्याचं उत्तर आलं तर ते फ्रिजवर, माझ्या भाचीच्या डिग्रीच्या फोटोशेजारी! मी म्हटलं, हरलेल्यांची जनगणना चालवलीय तुम्ही. ते हसले. माझ्या प्रत्येक टोमण्यावर ते असेच हसत, आणि त्याचाही मला राग येई.

सुनंदाचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं त्या शरदात तीच टीम लंडनला खेळायला आली. सुनंदाचं तिकीट वाया जाऊ नये म्हणून मला जावं लागलं. वेम्बलीला उतरलो, ईलिंग रोडवर डोसा खाल्ला, तिथवर दिवस बरा होता. पुढं हजारो इंग्रज कुणाकुणाचे रंगीबेरंगी शर्ट घालून ओरडत होते. आमचा क्वार्टरबॅक, बावीस-तेवीसचा, इतका वाईट खेळला की मध्यंतरानंतर त्याला बसवलं. सगळं स्टेडियम हुर्यो करत होतं. आणि आमचे विनायकराव उभे राहून टाळ्या वाजवत होते. एकटे. पुढच्या रांगेतली माणसं वळून बघायला लागली.

"अहो बसा की, लोक बघतायत."

"त्यानं स्टार्ट केलंय ताई. कुणीतरी करायलाच लागतं."

मी शरमेनं शाल डोक्यावरून घेतली.

आता मंडळाकडे येते, कारण खरी गोष्ट तिथं आहे. आमचं मराठी मंडळ म्हणजे शंभरेक कुटुंबं आणि त्यांचे दोनशे मानापमान. मंडळाचा एक सागवानी बोर्ड आहे. त्यावर दर वर्षाच्या अध्यक्षाच्या नावाची पितळी पट्टी लागते. स्वतःचा हॉल नाही, म्हणून बोर्ड विश्वस्तांच्या घरी, म्हणजे माझ्या गराजमध्ये असतो, आणि कार्यक्रमाला मिरवत नेला जातो. त्या बोर्डासाठी माणसं काय थराला जातात ते मी पाहिलंय. एका वर्षी मी अध्यक्ष झाले. पाडव्याचा कार्यक्रम दणक्यात केला आणि आठवड्याभरात पुण्याहून फोन आला की आई पडली, खुब्याचं हाड मोडलं. मी गेले ती वर्षभर तिथंच राहिले. आई गेली, तिचं सगळं आवरलं, आणि पुढच्या पाडव्याच्या तोंडावर परतले. विनायकराव उपाध्यक्ष होते. वर्ष त्यांनी चालवलं.

आणि त्या वर्षी एक गोष्ट झाली. गावात आंबेडकरी मंडळींची वेगळी संघटना होती, तिच्याशी आमचं मंडळ तीस वर्षांत एक कपभर चहा प्यालं नव्हतं. गावातला भाड्याचा हॉल आमच्या नावावर बुक असे. ते जयंतीसाठी मागत आणि आमचे लोक दर वर्षी काहीतरी अडचण काढत. कारण विचारू नका, सगळ्यांना ठाऊक आहे, आणि ते घाणेरडं आहे. त्यात मीही होते. विनायकरावांनी कमिटीला न विचारता हॉलची किल्ली त्यांना नेऊन दिली, वर जयंती दोघांनी मिळून करू म्हणाले, आणि केली. पुढं दोन्ही मंडळं एकच झाली. बोर्डावर त्या वर्षापुढं माझं नाव आहे. कितीतरी माणसांनी त्याबद्दल मला धन्यवाद दिले. मी ते घेतले.

परतल्यावर ते फाइल द्यायला घरी आले होते. चहा झाला, तरी उठेनात. मग म्हणाले, "ताई, त्या पट्टीवर... खाली बारीक अक्षरात माझंही चालेल का?" इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याकडे मागितलेली ही एकच गोष्ट.

"बदली माणसाचं नाव बोर्डावर लागत नाही, विनायकराव."

"आमच्या यादीत लागतं," ते म्हणाले. हसले नाहीत. कप सिंकमध्ये विसळून ठेवला आणि गेले. पुन्हा कधी विषय काढला नाही, आणि मी आपण नियमाला धरून वागलो अशी स्वतःची समजूत घालून मोकळी झाले. नियम कसला? मला ते वर्ष सोडायचं नव्हतं.

आता मंडळाच्या अध्यक्ष सरोज कांबळे आहेत. हॉल नाकारला जायचा तेव्हा त्या विशीत होत्या. शोकसभेत, ज्यांनी विनायकरावांना कधी धड खुर्ची दिली नाही ते सगळे त्यांच्या साधेपणावर बोलले. साधेपणा! माणूस गेला की त्याला गुंडाळायला हे कापड बरं सापडतं. एकानं त्यांच्या नावानं बॅडमिंटनचा स्मृतिचषक सुचवला. विनायकरावांनी आयुष्यात रॅकेट धरली नव्हती. सभेनंतर सरोज मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "ताई, एक स्ट्रेट विचारू? किल्ली द्यायला आमच्या फ्लॅटवर काका आले होते. दरवाजा मी उघडला होता. मग बोर्डवर तुमचं नाव कसं?"

मी विचार करते म्हणाले आणि घरी आले.

त्याच आठवड्यात सुनंदानं ती वही माझ्यापुढं टाकली. "एवढी हसायचीस, आता तूच वाच." मी पहिल्या पानापासून वाचली. कंटाळवाणी आहे, हे आजही म्हणते. पण शेवटच्या पानांवर टीम संपते आणि आमचं मंडळ सुरू होतं. तसंच साल, तसंच नाव, तसाच कंस, कुणी किती कार्यक्रमांची सुरुवात केली त्याचा. त्या वर्षापुढं पहिलं नाव माझं, कंसात एक. खाली त्यांचं, कंसात अकरा. दोन्ही नावं सारख्याच अक्षरात. त्यांनी मला गाळलं नव्हतं, खाली ढकललं नव्हतं, पुढं एखादी खूणही केली नव्हती. मी स्वयंपाकघरात उभी राहून रडले, आणि मग स्वतःचाच इतका संताप आला की वही आदळली.

गेल्या रविवारी सर्वसाधारण सभा झाली. चषकाला मी विरोध केला आणि किल्ली कुणी दिली हे उभं राहून सांगितलं. कुजबूज झाली. मी म्हटलं, माझी पट्टी काढा आणि त्यांची लावा. तेव्हा सरोजनी वही मागून घेतली, ते पान वाचलं आणि म्हणाल्या, "काकांनी तुमचं नाव ठेवलंय ना? मग आम्ही कोण काढणार?"

तेव्हा आता त्या वर्षापुढं दोन पट्ट्या आहेत. माझी, कंसात एक. त्यांची, कंसात अकरा. पट्ट्या कोरून देणाऱ्या ट्रॉफीच्या दुकानातल्या बाईंनी हे आकडे कसले म्हणून विचारलं, मी सांगत बसले नाही. बोर्ड माझ्याच गराजमध्ये आहे, गाडी काढताना रोज समोर येतो. माझ्या नियमानं विनायकरावांचं नाव इतकी वर्षं तिथं लागलं नाही. त्यांच्या नियमानं माझं अजून तिथं आहे.