सही नसलेली चिठ्ठी

फसवलं गेलं ते आमच्या गल्लीतल्या पोळीवाल्या काकूंना. वार मंगळवार, गणपती बसायच्या आदल्या आठवड्यातला. वेळ सकाळी साडेअकरा, म्हणजे डब्यांची गर्दी सुरू व्हायच्या बरोब्बर अर्धा तास आधी. ही वेळ फसवणाऱ्याने ठरवून निवडली होती, असं माझं मत आहे आणि ते मी बदलणार नाही.

काकू कर्वेनगरात, आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर पोळी-भाजी केंद्र चालवायच्या. मी ग्राहकांच्या तक्रारी लढवणाऱ्या संघटनेत काम करते, संशय घेणं हे आमचं कामच. तरी काकूंइतका संशयी माणूस मी पाहिलेला नाही. कोणी काही ठामपणे बोललं की त्या चष्मा कपाळावर सरकवायच्या, काउंटरला सुतळीने बांधलेलं पेन पुढे ढकलायच्या आणि म्हणायच्या, "लिहून द्या."

भाजीवाला म्हणाला, वांगी कोवळी आहेत. "लिहून दे." प्लंबर म्हणाला, आता नळ गळणार नाही. "लिहून द्या." मी एकदा म्हणाले, उद्यापासून वेळेवर जेवायला येते. पेन माझ्यापुढेही आलं.

चिठ्ठ्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात जायच्या. तुम्ही हसाल, पण त्या चालायच्या. नळ आठ दिवसांत गळायला लागला तेव्हा काकूंनी प्लंबरला त्याचंच अक्षर दाखवलं. त्याने गुपचूप वायसर बदलला आणि पैसे घेतले नाहीत. त्याला रोज त्याच गल्लीतून जायचं होतं. चिठ्ठीत जोर होता तो एवढाच, पण ही गोष्ट तेव्हा ना काकूंच्या लक्षात आली, ना माझ्या.

काकू उजव्या पायावर भार टाकत नसत. दिवसभर तव्यापुढे डाव्या पायावर उभ्या, बगळ्यासारख्या. दोन्ही गुडघे बदलायचे होते. सदाशिव पेठेतल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, पुढच्या उन्हाळ्यापर्यंत थांबलात तर चालेल, त्याच्या पुढे नको. सांगलीला दिलेली मुलगी पैसे द्यायला तयार होती. "जावयाच्या पैशावर मी चालणार नाही," हे काकूंचं उत्तर. पोळ्या लाटून साठवलेलं सगळं एका एफडीत होतं, आणि त्यांच्या हिशोबाने त्यात दीड गुडघा बसत होता.

"उरलेला अर्धा कुठून आणायचा, ते सांग," त्या मला विचारायच्या. "एफडीत ठेवले तर हॉस्पिटलचे दर पुढे पळतात. बाजारात घातले तर उरलेला अर्धा मिळेल, नाहीतर आहे तो दीडही जाईल."

हा प्रश्न वेडगळ नव्हता. लढाया, तेलाचे भाव, व्याजाचे उतरते दर, सगळं त्या पोळ्या लाटताना ऐकत होत्या. "पैसा घरात बसला की बारीक होतो, एवढं मला कळतं," त्या म्हणायच्या. "मी होत नाही, तो भाग वेगळा."

सल्ला द्यायला हिंजवडीला जाणारे दोघे तरुण होतेच. कंपनीच्या बसमधून उतरायचे, डबा घ्यायचे आणि काउंटरला टेकून शेअर बाजार सांगायचे. "काकू, एफडीमध्ये पैसे कुजतायत. लाँग टर्म बघा."

"तुमचं बरं असतं रे," काकू म्हणायच्या. "भाव वर गेला की तुम्ही हुशार. खाली गेला की लाँग टर्म."

मग त्यातल्या एकाची नोकरी गेली. त्याच्यासकट बऱ्याच जणांना एका ईमेलवर घरी बसवलं आणि त्याच आठवड्यात त्याच्या कंपनीचा शेअर चढला. काकूंनी हे त्याच्याकडून दोनदा समजून घेतलं. "माणसं काढली की भाव वाढतो? मग हा बाजार नक्की काय विकतो?" काकूंनी त्याच्या डब्यात दोन पोळ्या जास्त घातल्या आणि त्या नेहमीच्याच आहेत असं दाखवलं.

आता तो मंगळवार. ज्या बँकेत एफडी होती, तिथला एक अधिकारी काकूंकडेच जेवायचा. यवतमाळकडचा, एकटा राहणारा, टाय खिशात कोंबून हात धुणारा. काकूंना मावशी म्हणायचा. एफडीची मुदत त्या आठवड्यात संपत होती हे त्याला ठाऊक होतं, आणि महिन्याचं टार्गेट बाकी आहे हेही. दुसरी गोष्ट त्याने सांगितली नाही.

"मावशी, आता रेट पडले. हे बाजाराचं आहे, पण सेफ आहे. टेन्शन नका घेऊ, मी आहो ना."

"लिहून दे."

त्याने लिहून दिलं. मी तेव्हा तिथे ताक पीत उभी होते. पैसे भरायच्या स्लिपच्या मागे, सुबक अक्षरात: एकदाच भरायचे. कधीही काढता येतील. मुद्दल सुरक्षित. काकूंनी चिठ्ठी वाचली, डब्यात ठेवली आणि त्याने बोट ठेवलं तिथे तिथे सह्या केल्या. कागद इंग्रजी होते. हाताला पीठ होतं, दारात पहिला डबेवाला येऊन उभा होता. दोन दिवसांनी खात्री करायला फोन आला तेव्हाही हात कणकेतच. त्याने आधीच सांगून ठेवलं होतं, सगळ्याला हो म्हणा. काकू हो म्हणाल्या.

गणपतीत जाडजूड पाकीट आलं. काकूंनी ते माझ्यापुढे धरलं. "तू रोज पत्रकं वाटत फिरतेस ना, सही करण्याआधी वाचा म्हणून? मग हे वाच."

"रविवारी बघते," मी म्हणाले. त्या रविवारी आमची सभा होती. पुढच्या रविवारीही काहीतरी होतं. असे पाच रविवार गेले. काकूंनी माझ्याकडून ते लिहून घेतलं नाही. मला वाटतं, कागदांच्या बाबतीत माझ्याकडून त्यांना गरज वाटली नसावी.

दसऱ्यानंतर मी पाकीट फोडलं. ती विमा योजना होती, पैसा बाजारात. तेवढीच रक्कम दर वर्षी भरायची, पाच वर्षं. नाही भरली तर खर्च कापून उरलेलं पाच वर्षांनी मिळणार. पसंत नसल्यास कागद परत करायची मुदत होती. ती संपून चार दिवस झाले होते.

बँकेत गेलो. त्याच्या खुर्चीत दुसराच कोणी बसला होता. त्याची बदली झाली होती. आम्ही मॅनेजरपुढे बसलो. मी कलमं सांगायला लागले, काकूंनी मला हाताने थांबवलं आणि चिठ्ठी टेबलावर ठेवली.

मॅनेजरने ती उलटसुलट पाहिली. "आजी, यावर सही नाही."

"अक्षर त्याचं आहे."

"अक्षर चालत नाही."

"आमच्याकडे चालतं," काकू म्हणाल्या.

मग त्यांना त्यांच्याच सह्या दाखवण्यात आल्या. एकोणीस होत्या. फोनवरचा त्यांचा होकारही ऐकवण्यात आला. मागे कुकरची शिट्टी ऐकू येत होती.

परतताना रिक्षात मी त्या अधिकाऱ्याबद्दल जे म्हणायचं ते म्हटलं. काकू म्हणाल्या, "बदली कुठे झाली त्याची? तिकडे जेवणाचं काय करतो?"

"काकू, तुम्ही त्याची काळजी करताय?"

"काळजी नाही. चौकशी."

एक स्पष्ट करते. शेअर बाजार म्हणजे चोरी, असं मी म्हणत नाही. माझेही थोडे पैसे तिथे आहेत. काकूंनी डोळे उघडे ठेवून अर्धा गुडघा बाजारात घातला असता आणि तो बुडाला असता, तर मी हे लिहिलं नसतं. एफडी की बाजार हे ठरवायचा हक्क त्यांचा होता, आणि मावशी हा शब्द ऐकून त्या जिथे सैल पडल्या, तिथेच कोणीतरी तो हक्क काढून घेतला.

गुडघ्याने उन्हाळ्याची वाट पाहिली नाही. संक्रांतीच्या आधी काकू तव्यापुढे खाली बसल्या आणि उठता येईना. मुलगी गाडी घेऊन आली. केंद्राचं शटर निम्मं ओढलेलं होतं, मी आत वाकून गेले. "काकू, मी तुमचे पैसे परत मिळवून देते."

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. पेन पुढे ढकललं.

मी लिहिलं. त्यांनी चिठ्ठी वाचली आणि परत माझ्याकडे केली. "सही?"

मी सही केली. चिठ्ठी डब्यात गेली, डबा काकूंच्या मांडीवर, काकू सांगलीला. तक्रार वरपर्यंत गेली आहे, उत्तर आलेलं नाही. काकू अजून चालत नाहीत. शटर बंद आहे. फोनवर त्या पैशांचं विचारत नाहीत, मी वेळेवर जेवते का ते विचारतात.

म्हणून तुमच्याकडे मागणी आहे. तुमच्या घरात आई, काका, आत्या, कोणाच्या तरी कपाटात बँकेतून आलेलं एक जाड पाकीट पडलेलं असेल. ते आज काढा. परत करायची मुदत कधी संपते ती तारीख आधी शोधा, मग बाकीचं त्यांना शेजारी बसवून मराठीत वाचून दाखवा. रविवारी बघतो म्हणू नका.