खंडेनवमीच्या पाटावर

राक्षस पकडायचे, पाळायचे आणि झुंजवायचे, असा एक गेम मी कॉलेजपासून हातातल्या छोट्या यंत्रावर खेळते. यंदा त्याच गेमची सुधारलेली आवृत्ती घेतली. गोष्ट तीच, गावं तीच, राक्षस थोडे जास्त. नवरा म्हणाला, "तोच गेम परत? चाळिशी आली आता!" हा माणूस चाकणला गाड्यांच्या कंपनीत आहे. तिथे जुन्याच गाडीला नवे दिवे बसवतात, नवं मॉडेल म्हणून हार घालतात, नारळ फोडतात आणि हा घरी पेढे घेऊन येतो. मी तेव्हा कधी हसले नाही.

खंडेनवमीला आमच्या काळेवाडीच्या घरात हत्यारांची पूजा मांडली. पाटावर त्याचा पाना होता, सासूबाईंची विळी होती. शेजारी मी माझा गेम ठेवला.

"अगं, खेळण्याला कुठं कुंकू लावतात?" सासूबाई म्हणाल्या. नवऱ्याने तो उचलायला हात पुढे केला.

"हात लावू नकोस," मी म्हणाले. "तुझ्या पान्यानं जोडलेली एक तरी गाडी आपल्या दारात आहे का? यातला एकूण एक राक्षस मी पकडलाय, आणि तो माझाच आहे."

मग कुंकवाचं पहिलं बोट मी गेमलाच लावलं.